आठ खणांची भट्टी



ज्या कलाशिक्षकांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला भरते, त्यांनी जन्मभर मुलांच्या हातात ब्रश दिला. त्यांच्या नावाच्या व्यासपीठावर मी एका कुंभाराबद्दल बोलणार आहे, आणि तेही जपानमधल्या. विषय थोडा आडवळणाचा वाटेल. पण शोजी हामादा हेही चित्रकार व्हायलाच निघाले होते. १८९४ साली कावासाकीजवळच्या मिझोनोकुची इथे त्यांचा जन्म झाला. शाळकरी वयात फ्रेंच चित्रकार रेन्वार यांचं एक मत त्यांच्या वाचनात आलं. चित्रकार व्हायला निघालेल्यांपैकी निम्म्यांनी जरी हातकामाचे धंदे धरले तर बरं, असा त्याचा रोख होता. पोराने ते मनावर घेतलं. पुढे ते गमतीने सांगत की वाईट चित्राचा कुणाला काही उपयोग नाही, वाईट भांड्यात निदान काहीतरी ठेवता तरी येतं.

हामादा यांच्याबद्दल इंग्रजीत आणि जपानीत पुष्कळ लिहिलं गेलं आहे. त्यात त्यांचं मौन येतं, माती येते, कौलारू घर येतं आणि शेवटी धगधगणारी भट्टी येते. या भट्टीभोवती इतका धूप जाळला गेला आहे की ती मुळात कशासाठी बांधली होती तेच दिसेनासं झालं आहे. माझं आजचं म्हणणं सरळ आहे. चढती भट्टी हा स्वस्त भांड्यांचा कारखाना होता. हामादा यांनी ती कारखाना म्हणूनच वापरली आणि त्या कारखान्याची शिस्त स्वतःला लावून घेतली. त्यांची निष्ठा समजून घ्यायची तर तिथून सुरुवात करावी लागते.

आधी यंत्र समजून घेऊ. आपला कुंभार आवा लावतो. मडकी, गोवऱ्या, सरपण, पेंढा असं रचून वरून लिंपतो आणि पेटवतो. त्यात उष्णता साधारण ७०० ते ९०० अंश सेल्सिअसपर्यंत जाते. भांडं पक्कं होतं, पण त्याच्या अंगात बारीक छिद्रं राहतात; माठातलं पाणी गार होतं ते त्यांच्यामुळेच. स्टोनवेअर म्हणतात ती दगडासारखी टणक, पाणी न झिरपणारी भांडी करायची तर १२५० अंशांच्या पुढे जावं लागतं. त्या उष्णतेला माती आवळते आणि वरची झिलई वितळून तिला चिकटते. उघड्या आगीत हे जमत नाही. उष्णता कोंडावी लागते आणि जाळाला ओढ द्यावी लागते.

चीन आणि कोरियातल्या कुंभारांनी ही ओढ डोंगराकडून घेतली. उतारावर विटामातीच्या कमानी एकीला एक लावून वर चढवत नेल्या की गरम हवा आपोआप वर धावते, वेगळं धुराडं बांधायचीसुद्धा फारशी गरज राहत नाही. सोळाव्या शतकाच्या अखेरीस ही विद्या कोरियातून जपानच्या क्यूशू बेटावर, कारात्सूच्या परिसरात आली. त्याआधी जपानमध्ये एकच लांबट पोकळी असलेली भट्टी होती. तिला लाकूड बेसुमार लागे. नव्या भट्टीत, तिला जपानीत नोबोरिगामा म्हणतात, पोकळीचे खण पाडलेले असतात. सर्वांत खाली मोठी चूल. तिथला जाळ पहिल्या खणात शिरतो, वर कमानीला आपटतो, भांड्यांमधून खाली उतरतो आणि मागच्या भिंतीच्या तळाशी ठेवलेल्या भोकांतून दुसऱ्या खणात जातो. पहिला खण भाजून होईपर्यंत दुसरा फुकटात तापलेला असतो. मग खालची चूल सोडायची आणि दुसऱ्या खणाच्या कुशीत असलेल्या झरोक्यातून पाइनच्या बारीक चिरफाळ्या टाकायला लागायचं. तो झाला की तिसरा. असं करत वर चढायचं.

म्हणजे या सगळ्या रचनेच्या मुळाशी काटकसर आहे. एका खणाची वाया जाणारी उष्णता पुढच्या खणाला. कमी लाकडात जास्तीत जास्त भांडी. ज्याला लोणच्याची बरणी, पाण्याचा रांजण, चहाची किटली हजारोंनी विकायची आहे त्याने हे यंत्र घडवलं आणि शतकानुशतकं सुधारत आणलं.

मासिको हे टोकियोच्या उत्तरेला, तोचिगी प्रांतातलं गाव. तिथे १८५३ मध्ये ओत्सुका केइझाबुरो नावाच्या माणसाने भट्टी घातली आणि तेव्हापासून गाव स्वयंपाकघरातली जाड, बोजड, स्वस्त भांडी करू लागलं. हामादा यांना मासिकोचा पत्ता लागला तो शिक्षकाच्या घरी. टोकियोच्या उच्च तांत्रिक विद्यालयात इताया हाझान हे नामवंत कुंभार शिकवत. त्यांच्या घरी निसर्गदृश्य रंगवलेली एक साधी किटली होती. ही कुठली, असं या विद्यार्थ्याने विचारलं. मासिकोची. अशा किटल्यांवर तेच दृश्य दिवसभरात शेकडो वेळा रंगवणाऱ्या बायका गावात होत्या. त्यांतल्या मासू मिनागावा यांचं नाव पुढे जगभर गेलं. हाझान स्वतः अतिशय नाजूक, निर्दोष पोर्सेलीन करत. त्यांच्या घरातली ही दोन टोकं विद्यार्थ्याने पाहिली आणि बाजू निवडली ती किटलीची.

पण मासिकोला पोचायला त्यांना बरीच वर्षं लागली. विद्यालयातून १९१६ साली बाहेर पडून ते क्योतोच्या महापालिकेच्या मृत्तिका प्रयोगशाळेत गेले. तिथे कांजिरो कावाई हे त्यांच्याहून चार वर्षांनी मोठे सहकारी भेटले. दोघांनी मिळून झिलईचे हजारो प्रयोग केले. लोकांचा समज असतो की लाकडाच्या भट्टीवाले कुंभार विज्ञानापासून पळालेले असतात. या दोघांच्या बाबतीत उलट होतं. लोहाचं प्रमाण किती, राख किती, कुठल्या अंशाला काय होतं, हे सगळं त्यांना कागदावर मांडता येत होतं.

याच काळात बर्नार्ड लीच हा इंग्रज कुंभार त्यांना भेटला. १९२० मध्ये लीचबरोबर हामादा इंग्लंडला गेले आणि कॉर्नवॉलमधल्या सेंट आइव्ह्ज या मासेमारी गावात दोघांनी पाश्चात्त्य जगातली पहिली जपानी धर्तीची चढती भट्टी बांधली. ती काही फार यशस्वी नव्हती. लाकूड मिळेना, विटा नीट मिळेनात, भाजणी बिघडे. शेवटी उजीच्या एका जुन्या कुंभार घराण्यातले मात्सुबायाशी त्सुरुनोसुके आले आणि त्यांनी तीन खणांची नवी भट्टी बांधून दिली. ती मग १९७० च्या दशकापर्यंत चालली. मला या प्रसंगात महत्त्वाचं वाटतं ते असं की हामादा यांच्यासारख्या तयार माणसालाही भट्टी एकट्याने उभी करता आली नाही. ते घराण्यांचं आणि गवंड्यांचं ज्ञान होतं, प्रयोगशाळेत मिळणारं नव्हतं.

इंग्लंडमध्ये आणखी एक गोष्ट झाली. ससेक्समधल्या डिचलिंग गावात एथेल मेरे ही विणकर बाई राहत असे. तिच्याकडे हामादा आणि लीच जेवायला गेले. ताटं-वाडगे होते एडविन बीअर फिशली या डेव्हनच्या खेडवळ कुंभाराचे, कापड तिने स्वतः विणलेलं. शहरात शिकलेली माणसं गावात राहून, हाताने काम करून, आब राखून जगू शकतात हे हामादा यांनी तिथे पाहिलं. जाता जाता सांगतो, या एथेल मेरे म्हणजे कला-इतिहासकार आनंद कुमारस्वामींच्या पहिल्या पत्नी. श्रीलंकेतल्या कारागिरांचा दोघांनी मिळून अभ्यास केला होता. जपानच्या लोककला चळवळीच्या मुळांत आपल्या उपखंडाचाही एक धागा आहे, तो हा. दुसरा धागा गुरचरण सिंग यांचा. हे तरुण शीख गृहस्थ साधारण त्याच सुमारास मातीकाम शिकायला जपानला गेले, लीच, हामादा आणि लोककला चळवळीचे प्रवर्तक यानागी या मंडळींत वावरले आणि परत येऊन त्यांनी दिल्लीत स्टुडिओ कुंभारकामाची परंपरा सुरू केली.

१९२३ च्या सप्टेंबरात भूकंपाने टोकियो उद्ध्वस्त झालं. पुढच्या वर्षी हामादा परतले. क्योतोत कावाईंकडे सोय होती, नाव होतं, गिऱ्हाईक होतं. तरी ते गेले मासिकोला. त्याच साली लग्न झालं, पत्नी किमिए यांच्यासह हिवाळा ओकिनावाच्या त्सुबोया या कुंभारवाड्यात काढला, पुन्हा मासिको. १९३० पर्यंत ते साकुमा या कुंभार घराण्याच्या कामठ्यात काम करत आणि दुसऱ्याच्या भट्टीत आपली भांडी लावत. मग जुनं शेतकऱ्याचं घर विकत घेऊन, उकलून, आपल्या जागेत उभं केलं. १९३१ मध्ये स्वतःची पहिली भट्टी घातली, तीन खणांची. पुढच्या दशकात आठ खणांची मोठी भट्टी आली.

आठ खण कशाला, हा प्रश्न त्यांना अनेकांनी विचारला. एकट्या कलावंताला एवढी मोठी भट्टी अडचणीचीच. लहान भट्टीत हवं तसं भाजता येतं, नुकसान कमी, महिन्याला एकदा उघडता येते. हामादा यांचं उत्तर नोंदवून ठेवलेलं आहे. त्याचा आशय असा की लहान भट्टी मी पूर्ण ताब्यात ठेवू शकेन, मग भांड्यात फक्त मीच उतरेन, आणि मी तो केवढासा. मोठ्या भट्टीपुढे माझं काही चालत नाही, तिथे माझ्याबाहेरचं जे आहे त्याची मदत लागते. हे वाचून लोक लगेच झेनकडे वळतात. वळावं, हरकत नाही. पण मला त्यात आधी साधा हिशेब दिसतो.

आठ खण भरायचे म्हणजे हजारो भांडी हवीत. हजारो भांडी करायची म्हणजे प्रत्येकावर रेंगाळता येत नाही. चाक फिरवायचं, उतरवायचं, पुढचं घ्यायचं. तोच वाडगा, तोच पेला, तीच चौकोनी बाटली महिनोन्‌महिने. हात इतका सरावतो की विचार करायला वेळच राहत नाही. एकट्याने भागत नाही, म्हणून मुलं, कामगार, शिकाऊ उमेदवार सगळे चाकावर बसतात. मासिकोच्या जाड्याभरड्या मातीत फार नखरे चालत नाहीत, तेही पथ्यावर पडतं. झिलईचे पदार्थ गावातलेच. काकी फळासारख्या तांबूस रंगाची झिलई जवळच्या आशिनुमाच्या दगडाच्या भुकटीतून, पांढरट दुधाळ झिलई भाताच्या तुसाच्या राखेतून, बाकी लाकडाची राख. कुंचले कुत्र्याच्या केसांचे, घरीच बांधलेले. उत्तम माती बाहेरून मागवणं त्यांना सहज परवडलं असतं, पण जवळच्या सामान्य मातीशीच त्यांनी आयुष्यभर जमवून घेतलं.

झिलई ओतण्याचा त्यांचा एक प्रकार प्रसिद्ध आहे. मोठं ताट एका हातावर तोलायचं आणि पळीने झिलईची धार त्यावरून सपकन आडवी-उभी न्यायची. खेळ काही सेकंदांचा. पाहुण्याने विचारलं, पंधरा सेकंदांच्या कामाला एवढी किंमत? ते म्हणाले, पंधरा सेकंद अधिक साठ वर्षं. ही गोष्ट सगळे सांगतात. मी एवढीच भर घालतो की ती साठ वर्षं भट्टी भरण्याच्या सक्तीतून आली. महिन्याला दहा ताटं करणाऱ्याच्या मनगटात ती धार येत नाही.

भाजणीचे दिवस म्हणजे घरचं कार्यच. रचाईलाच बराच वेळ जातो, कारण प्रत्येक खणाचा स्वभाव निराळा. कुठे जाळ थेट लागतो, कुठे राख उडून भांड्यावर बसते, कुठे हवा कमी पडून झिलईचा रंग बदलतो. कुठली झिलई कुठल्या खणात, कुठल्या उंचीवर, हे आधी ठरतं. मग दारं विटांनी चिणतात. पहिला सगळा वेळ मंद आंच, ओल निघून जाईपर्यंत. नंतर जाळ वाढत जातो आणि कुशीच्या झरोक्यांशी दोन्ही बाजूंना माणसं उभी राहतात. चिरफाळ्या टाकल्या की काळा धूर, झरोक्यातून जिभा बाहेर. थोड्या वेळाने जाळ निवळतो, आत पांढराशुभ्र उजेड दिसतो. की पुन्हा टाका. दोन्ही बाजूंनी एकाच वेळी टाकावं लागतं, नाहीतर खण एकीकडे कलतो. रात्र-दिवस पाळ्या. आत शंकू ठेवलेले असतात, ठरलेल्या उष्णतेला ते वाकतात, पण जुने लोक जाळाच्या रंगावरच सांगतात. काम झालं की सगळी भोकं बुजवून भट्टी आपोआप निवू द्यायची, काही दिवस. घाईने दार फोडलं तर थंड हवा लागून भांडी तडकतात.

आणि मग दार उघडल्यावर नुकसान. आठ खणांत सगळंच चांगलं निघालं असं होत नाही. काही चिकटतात, काही वाकतात, काहींवर छपराचा तुकडा पडलेला असतो. ते धरूनच किंमत लावायची असते.

इंग्लंडहून परतल्यावर हामादा यांनी भांड्यावर सही करणं बंद केलं. हे त्यांच्या विचारांना धरून होतं. यानागी सोएत्सू, कावाई आणि हामादा यांनी १९२५ मध्ये मिंगेई, म्हणजे सामान्य जनांच्या हस्तकलेची कल्पना मांडली आणि १९३६ मध्ये टोकियोच्या कोमाबा भागात लोककला संग्रहालय उभं केलं. सौंदर्य अनाम कारागिराच्या रोजच्या कामात आहे, असं त्यांचं म्हणणं. पण अनाम राहणं हामादा यांना जमलं नाही. भांड्यावर सही नव्हती तरी ते ज्या लाकडी पेटीतून विकलं जाई तिच्यावर होती, आणि जपानी संग्राहकाला पेटीचं मोल पुरेपूर ठाऊक असतं. १९५५ मध्ये सरकारने पहिल्यांदा ‘जिवंत राष्ट्रीय ठेवा’ म्हणून कारागिरांची निवड केली, तीत ते होते. १९६८ मध्ये संस्कृती सन्मान मिळाला. शेतकऱ्याने वापरावीत अशा धर्तीची त्यांची भांडी शेतकऱ्याच्या आवाक्याबाहेर गेली. किताओजी रोसांजिन या तिखट जिभेच्या कुंभाराने या चळवळीची टर उडवली ती अगदीच निराधार नव्हती. कावाईंनी मात्र हे दोन्ही सन्मान नाकारले. त्या बाबतीत कावाई अधिक सुसंगत होते, असं माझं मत आहे. हामादा यांच्या बाजूने एवढंच म्हणतो की त्यांच्या नावामुळे मासिकोचं पोट भरलं. टोकियोच्या घरांत गॅस आणि धातूची भांडी आल्यावर हे गाव मोडायला हवं होतं. ते मोडलं नाही; उलट देशभरातून तरुण येऊन तिथे चाकं मांडून बसले. तात्सुझो शिमाओका हा त्यांचा शिष्य १९४६ मध्ये त्यांच्याकडे आला, १९५३ मध्ये शेजारीच त्याने आपली चढती भट्टी घातली. त्याचे वडील रेशमी दोर वळणारे. त्याने ओल्या मातीवर दोर फिरवून नक्षी उमटवण्याची रीत काढली आणि १९९६ मध्ये तोही ‘राष्ट्रीय ठेवा’ ठरला.

कावाईंची भट्टी क्योतोच्या गोजोझाका भागात, ऐन वस्तीत. तीही आठ खणांची. ती एकट्याची नव्हती. आसपासचे कुंभार तिच्यात आपापली भांडी लावत. कावाई १९६६ मध्ये गेले, भट्टी १९७१ पर्यंत चालली. मग हवेच्या प्रदूषणाचे नियम आले आणि क्योतोतली लाकडाची भाजणी थांबली. आज त्यांच्या घराचं संग्रहालय झालं आहे आणि परसात ती भट्टी थंड उभी आहे. ओकिनावाच्या त्सुबोयातही तेच झालं. धुराच्या तक्रारींमुळे तिथे लाकूड जाळायला बंदी आली. जिरो किंजो हे तिथले मोठे कुंभार, हामादा आणि कावाई यांच्या सहवासात आलेले. त्यांनी १९७२ मध्ये बाडबिस्तरा उचलला आणि योमितान गावात नवी भट्टी घातली. पुढे तिथे इतरांनी मिळून सामायिक चढत्या भट्ट्या बांधल्या. जमीन कोणती, तर अमेरिकी लष्कराने वापरून परत केलेली.

या बंदीबद्दल हळहळणारं लिखाण मी खूप वाचलं आहे. माझी हळहळ मर्यादित आहे. पाइनचा राळेचा धूर दाट वस्तीत दिवसरात्र सोडायचा आणि शेजाऱ्याने तो परंपरा म्हणून गिळायचा, हे बरोबर नव्हतं. किंजो यांनी भांडत न बसता जागा बदलली, हा शहाणपणा होता. हामादा यांनी १९२४ मध्येच खेडं निवडलं होतं, म्हणून त्यांच्यावर ही वेळ आली नाही.

हामादा १९७८ च्या जानेवारीत गेले. आदल्याच वर्षी त्यांनी आपलं घर आणि जगभरातून जमवलेली भांडी लोकांसाठी संग्रहालय म्हणून खुली केली होती. मोठी भट्टी हळूहळू विझली. घराण्यातलं काम चालू राहिलं, पण आठ खण भरण्याइतकं भांडं कोण करणार? २०११ च्या ११ मार्चच्या भूकंपात ती बरीचशी ढासळली. पुढे ती विटेवर वीट ठेवून पुन्हा उभी केली गेली. २०१५ मध्ये तिच्यात कित्येक दशकांनी जाळ झाला. भांडी हामादा घराण्याची होतीच, शिवाय परिसरातल्या अनेक कुंभारांची. कुणा एकाकडे ती भरण्याइतका माल नव्हता, म्हणून सगळ्यांनी मिळून भरली. जुन्या मासिकोत भाड्याने खण घेऊन भांडी लावत, तसंच.

आपल्याकडे या परंपरेशी जोडलेलं काम पाहायचं असेल तर पुदुचेरीला जावं. १९७१ मध्ये रे मीकर आणि डेबोरा स्मिथ यांनी तिथे गोल्डन ब्रिज पॉटरी सुरू केली. डेबोरा स्मिथ यांनी त्याआधी जपानमध्ये बिझेनला काम शिकलं होतं, आणि सुझन पीटरसन या अमेरिकी बाईंनी हामादा यांच्यावर मोठं पुस्तक लिहिलं तेव्हा दुभाष्याचं कामही केलं होतं. मुंबई-पुण्यातले आज नावारूपाला आलेले अनेक जण तिथे शिकून आले आहेत.

आणि कधी जपानला गेलात तर मासिकोला वसंतात किंवा शरदात जा, त्या वेळी गावात १९६६ पासून भरणारा भांड्यांचा बाजार असतो. हामादा यांच्या आवारात शिरल्यावर बहुतेक पाहुणे आधी काचेच्या कपाटांकडे वळतात. तुम्ही आधी उतारावरच्या भट्टीकडे जा, एका झरोक्यातून आत डोकवा, आठ खण भरायला किती वाडगे लागतील याचा अंदाज करा, आणि मग काचेपलीकडचा एक वाडगा पाहा.